इलेक्ट्रिक शार्पनर की धारेचा दगड: फोंड्याच्या खाणावळीतून

ज्यांच्या घरात आदोळी, म्हणजे विळी, आहे त्यांनी इलेक्ट्रिक शार्पनर विकत घेण्याआधी तिच्याकडे एकदा नीट बघावं. तिचं पातं वाकडं, पाटात ठोकून बसवलेलं, आणि टोकाला नारळ खवायची दातेरी खवणी. शार्पनरमध्ये सुरी खाचेत घालून ओढायची असते. आदोळी पाटासकट कुठल्याच खाचेत जात नाही. म्हणजे हजारो रुपयांचं यंत्र आणलं तरी घरातलं सगळ्यात जास्त राबणारं पातं बोथटच राहतं. हे सगळ्यात आधी सांगते, कारण शार्पनरची माहिती देणारे बहुतेक जण सुरी म्हणजे शेफची लांब सुरी एवढंच धरून चालतात. आपल्याकडे खोबरं, सुरण, नीरफणस, बांगडे, सगळं आदोळीवर होतं.

माझी गोव्यातल्या फोंड्यात छोटी खाणावळ आहे. दुपारची माशाची थाळी, सोमवारी शिवराक म्हणजे शाकाहारी जेवण, आणि चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, दिवसांत खतखत्याच्या (मिश्र भाजीच्या) ऑर्डरी. चिराचिरीला माझ्याबरोबर दोघी मदतनीस असतात. आमच्याकडे लांब सुऱ्या, भाजीच्या लहान सुऱ्या, मासे सोलायची पातळ लवचिक सुरी, एक कोयता आणि दोन आदोळ्या आहेत. त्यातली एक माझ्या माहेरची, पेडण्याची, साध्या पोलादाची. हाताने ओढायचा शार्पनर, विजेचा शार्पनर आणि दगड हे तिन्ही मी या हत्यारांवर वापरले आहेत, अजूनही वापरते, आणि तिन्हींबद्दल माझं मत पक्कं आहे.

ओढायच्या शार्पनरबद्दल थोडक्यात. दोन-तीनशे रुपयांना कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळतो. त्याच्या पहिल्या खाचेत टंगस्टन कार्बाइडच्या दोन पट्ट्या तिरक्या, एकमेकींना छेद देतील अशा बसवलेल्या असतात. सुरी ओढली की त्या पात्याच्या दोन्ही बाजूंचं पोलाद खरवडून काढतात. घासणं वेगळं आणि खरवडणं वेगळं. खरवडल्यावर धार लगेच येते, पहिला टोमॅटो सुरेख कापला जातो, आणि माणूस खूश होतो. पण ती कड ओबडधोबड असते, जागोजागी तुटलेली, म्हणून टिकत नाही. एक-दोन दिवसांत सुरी पुन्हा कांद्याच्या सालीवरून घसरायला लागते, की आपण पुन्हा ओढतो, पुन्हा पोलाद जातं. स्वस्तातल्या मऊ स्टेनलेस सुरीला हे चालून जातं. शिकायला बाहेर राहणाऱ्या मुलाला द्यायला हा शार्पनर मी चांगला म्हणेन. जपानी पद्धतीच्या कडक सुऱ्या, म्हणजे रॉकवेल मापावर ६० च्या आसपास असलेल्या, त्याच्या कार्बाइडच्या खाचेत कधीच घालू नयेत. तसलं पोलाद वाकत नाही, त्याचे टवके उडतात. दुसरी खाच सिरॅमिकची असेल तर तेवढी वापरावी, ती हलक्या हाताने घासते.

आता विजेचं यंत्र. त्याच्यात मोटर असते आणि हिऱ्याची पूड बसवलेली छोटी चक्रं फिरत असतात. खाचेतल्या स्प्रिंगच्या पट्ट्या सुरीला ठरलेल्या कोनात धरून ठेवतात. कोन आपल्याला सांभाळावा लागत नाही, हेच याचं खरं मोल. चांगल्या यंत्राला बहुधा तीन टप्पे असतात: पहिला जाड, बोथट पात्याला नवा उतार द्यायला, दुसरा बारीक, तिसरा धार गुळगुळीत करायला. युरोपियन पद्धतीच्या सुरीला प्रत्येक बाजूने साधारण २० अंश, जपानी पद्धतीच्या सुरीला साधारण १५ अंश. काही यंत्रं फक्त २० अंशांचीच असतात, काही फक्त १५ ची, काहींत दोन्ही. आपल्याकडच्या सुऱ्या कुठल्या हे बघूनच यंत्र निवडायचं.

यंत्राशिवाय माझं अडतं अशी एक जागा आहे. रविवारी इसवण (सुरमई) आणि सुंगटं (कोळंबी) भरपूर येतात, सकाळी सगळ्या सुऱ्या एकदम तयार हव्या असतात. धाकट्या मदतनिशीने आवाज दिला, "वयनी, सुरयेक धारच ना," की मी तिला तिसऱ्या टप्प्यातून दोनदा ओढून घे म्हणते आणि माझा हात कामातून काढावा लागत नाही. तिला कोन शिकवावा लागला नाही, प्रत्येक सुरीची धार सारखीच येते. जिथे वेगवेगळे हात तीच सुरी वापरतात तिथे या सारखेपणाची किंमत मोठी आहे. दगडावर माझा हात आणि तिचा हात एकसारखा चालत नाही.

पण यंत्र कसं वापरायचं हे नीट सांगावंच लागतं. सुरी दाबायची नाही, तिच्या वजनानेच बसू द्यायची. मुठीपासून टोकापर्यंत एका वेगात ओढायची. २० सेंटीमीटरच्या पात्याला चार-पाच सेकंद पुरतात. मध्ये थांबलं तर त्या जागी चक्र खोलगट खातं. टोकाशी येऊन थबकलं तर टोक गोल होतं, आणि टोक गोल झालेल्या सुरीने सुंगटाच्या पाठीतला काळा दोरा काढता येत नाही. एकदा डावीकडून ओढलं की एकदा उजवीकडून, असं आलटून-पालटून. सुरी धुऊन, पुसून कोरडी करूनच आत घालायची. माशाची चरबी किंवा खवला चक्राला चिकटला की पुढच्या सुरीचा घात होतो. पोलादाची काळी पूड खाली पडते, म्हणून यंत्र कापायच्या ओट्यावर ठेवू नये आणि धार लावल्यावर सुरी पुन्हा धुवावी.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. जर्मन पद्धतीच्या पुष्कळ सुऱ्यांना मुठीजवळ पोलादाची जाड गाठ असते. ती गाठ खाचेच्या कडेला अडते आणि मुठीलगतचं साधारण बोटभर पातं चक्रापर्यंत पोचतच नाही. बाकीचं पातं वर्षानुवर्षं झिजत जातं, तेवढा तुकडा तसाच उंच राहतो. मग सुरी पाटावर टेकवली की मधून उजेड दिसतो, आणि कोथिंबीर चिरताना खालचे देठ न कापता जोडलेले राहतात. अशी सुरी सरळ करायला पुन्हा दगडच लागतो. करवती दात्यांच्या पावाच्या सुरीला मुख्य चक्रं चालत नाहीत. एकाच बाजूने उतार असलेल्या जपानी सुरीलाही दोन्हीकडून घासणारं साधं यंत्र चालत नाही. कोयत्याची पाठ इतकी जाड की तो खाचेत शिरतच नाही.

विजेबद्दल गोव्यातल्या लोकांना मुद्दाम सांगायला हवं, कारण आपल्याकडे पुष्कळ घरांतलं कुणी ना कुणी परदेशात आहे. माझ्या भाच्याने मोठ्या प्रेमाने अमेरिकेतून एक यंत्र आणलं. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. इथली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ते थेट आपल्या प्लगला लावलं तर जळेल. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावला तरी हर्ट्झ ५० चेच राहतात, आणि साध्या एसी मोटरीचा वेग कमी होऊन ती जास्त तापू शकते. खाणावळीत सलग आठ-दहा सुऱ्या ओढायच्या तर ते नको. मी नंतर २३० व्होल्टचंच घेतलं. पाहुण्यांना भेट सुचवायचीच असेल तर दगड सुचवा, त्याला प्लग लागत नाही.

आता दगडाकडे येते, कारण एकच वस्तू घ्यायची असेल तर मी दगडच घ्यायला सांगेन. दगडाचा नंबर म्हणजे ग्रिट: आकडा लहान तितका दगड खरबरीत. २२० ते ४०० चा दगड दाते पडलेल्या, पार बोथट झालेल्या पात्याला. १००० चा नेहमीच्या कामाला. ३००० ते ६००० चा शेवटची कड तलम करायला. जपानी किंगचा एका बाजूला १००० आणि दुसऱ्या बाजूला ६००० असा जोडदगड मिळतो, माझ्याकडे तो आहे आणि त्यावर मी समाधानी आहे. सोबत हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, दोन्ही टोकांना निमुळता, हातात धरायचा कार्बोरंडमचा दगड घ्या. गवत कापायचे विळे, कोयते याच दगडाने पाजवतात, आणि आदोळीचं कामही तोच करतो.

लोक दगडाला घाबरतात ते कोनामुळे. त्याचा हिशेब सोपा आहे. पात्याची रुंदी ४५ मिलिमीटर असेल तर १५ अंशांसाठी सुरीची पाठ दगडापासून साधारण १२ मिलिमीटर वर हवी, २० अंशांसाठी साधारण १५. मी त्या उंचीच्या लाकडाच्या दोन पट्ट्या सुताराकडून कापून घेतल्या. पट्टी दगडावर ठेवायची, तिच्यावर पाठ टेकवून कोन डोळ्यांत भरून घ्यायचा, पट्टी काढायची आणि घासायला लागायचं. मधून मधून पुन्हा टेकवून बघायचं. काही दिवसांत मनगटाला तो कोन कळतो.

दगड पाण्यात बुडवून ठेवायचा, बुडबुडे यायचे थांबले की काढायचा. खाली ओला फडका, म्हणजे दगड सरकत नाही. सुरीची एकच बाजू मुठीपासून टोकापर्यंत घासत राहायची, दुसऱ्या बाजूच्या कडेवर पोलादाची बारीक खरखर उभी राहीपर्यंत. कारागीर तिला बर म्हणतात. अंगठा पाठीकडून कडेकडे आडवा फिरवला की ती लागते. कडेच्या लांबीने बोट कधीच फिरवायचं नाही. ही खरखर पूर्ण लांबीभर आली म्हणजे उतार कडेपर्यंत पोचला. मगच सुरी उलटायची. पुष्कळ जण दोन्हीकडे दहा-दहा वेळा घासून थांबतात आणि धार आली नाही म्हणतात. मोजायचं नसतं, बर आली का ते बघायचं असतं. शेवटी हात हलका करत करत आलटून-पालटून दोन्ही बाजू घासल्या की बर गळून पडते. दगडावर जमलेला काळा गाळ मध्येच धुऊन टाकू नये, तो घासायला मदत करतो.

६००० च्या बाजूवर किती वेळ घालवायचा यावर माझं मत इतरांपेक्षा वेगळं आहे. आपल्या कामाला अतितलम कड नको. टोमॅटोची साल, बांगड्याची कातडी, मिरची, या सगळ्यांना १००० वरची थोडी खरबरीत कड चांगली धरते. बारीक बाजूवर चार-दोन हलके हात फिरवले की पुरे. कच्च्या माशाचे पातळ काप करणाऱ्यांना तलम कड लागते, हुमणाच्या, म्हणजे माशाच्या आमटीच्या, तुकड्यांना नाही.

कांदा मात्र कुठल्याही सुरीने चिरा, ती धारेची हवी. बोथट सुरी कांदा कापत नाही, चेंगरते. पेशी फुटून डोळ्यांना झोंबणारा वायू जास्त निघतो. धार लावलेल्या दिवशी आमच्याकडे कांदे चिरताना कुणाचे डोळे पुसावे लागत नाहीत, आणि मदतनीस स्वतःहून दगड काढायला लागल्या त्या यामुळेच.

आदोळीची पद्धत अशी. आधी खवणीच्या दात्यांना जाड फडका गुंडाळून घट्ट बांधायचा, ही पायरी गाळू नका. हात वर सरकला तर दाते मनगटात जातात. पाट भिंतीला टेकवून पायाने दाबून धरायचा. इथे पातं स्थिर असतं आणि दगड फिरतो. निमुळता दगड पाण्यात भिजवून पात्याच्या उतारावर तिरका टेकवायचा आणि बुडापासून वर, पात्याच्या वळणाबरोबर फिरवायचा. बोटं कायम कडेच्या मागे, पाठीच्या बाजूला. एका बाजूने बर आली की दुसऱ्या बाजूने. वळणाच्या पोटात सरळ, रुंद दगड पोचत नाही, तिथे हा निमुळता बरोबर बसतो, म्हणून तो वेगळा घ्यायला सांगितला. झाल्यावर पाट लगेच पुसायचा, पातं कोरडं करून खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. खवणीचे दाते गुळगुळीत झाले असतील तर तिकोनी कानस दात्यांच्या मधल्या खाचांतून चालवायची. नारळ पुन्हा भुरभुरीत खवला जातो, चिप्स पडत नाहीत, आणि रस काढताना तो फरक पातेल्यात दिसतो.

साध्या पोलादाच्या आदोळीला आणि कोयत्याला सोलं (आमसुलं), चिंच, कैरी लागली की पातं काळं पडतं. पावसाळ्यात ओली ठेवली तर एका रात्रीत तांबूस गंज चढतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत स्टेनलेसलाही बारीक टिपके पडतात, म्हणून मिठाच्या पाण्यातले मासे कापलेली सुरी सिंकमध्ये पडू देऊ नये. पण साध्या पोलादावर धार जितकी लवकर आणि गोड येते तितकी स्वस्त स्टेनलेसवर येत नाही, हे मी पेडण्याच्या आदोळीवर रोज बघते.

सायकलवर चाक घेऊन फिरणारा धारवाला अजून दिसतो. दाते पडलेल्या कोयत्याला त्याचं चाक चांगलं, आमच्या कोयत्याचं जाड काम मी त्यालाच देते. इसवणाच्या काट्यावर घाव घालायचा असल्यामुळे कोयत्याला प्रत्येक बाजूने २५ अंशांहून जास्तच उतार हवा, तलम कड तिथे टिकत नाही. पातळ सुरी मात्र त्याला देत नाही. कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा कड तापते, आणि कडेवर निळसर रंग आला तर त्या जागेचं पाणी उतरलं, ती धार पुन्हा टिकणार नाही. द्यायचीच असेल तर समोर उभं राहून, पाण्यात बुडवत लाव असं सांगावं. ते ऐकतात.

सुरीच्या सेटबरोबर मिळणारी लांब पोलादी सळई धार लावत नाही. वापरून एका बाजूला मुडपलेली कड ती सरळ करते, बस. रोज दोन-चार हलके हात फिरवले की दगडाची पाळी उशिरा येते. आणि ग्रॅनाइटच्या ओट्यावर, काचेच्या पाटावर कापणं बंद करा; तिथे ताजी धारसुद्धा एका भाजीत जाते. फणसाच्या लाकडाचा पाट उत्तम.

आता खरेदीचं. घरात चार माणसं, दोन सुऱ्या आणि एक आदोळी असेल तर १०००/६००० चा जोडदगड आणि हार्डवेअरचा निमुळता दगड. दोन्ही मिळून चांगल्या विजेच्या यंत्राच्या किमतीच्या जवळपासही जात नाहीत. मनगट दुखतं, हात कापतात, कोन धरता येत नाही अशांनी विजेचंच घ्यावं, त्यात काही कमीपणा नाही. माझ्या सासूबाई आता त्यावरच लहान सुरी ओढून घेतात. खाणावळ, केटरिंग, होमस्टे चालवणाऱ्यांनी सरळ पात्याच्या सुऱ्यांसाठी यंत्र आणि बाकीच्यांसाठी दगड असं दोन्ही ठेवावं. यंत्र घेताना तीन गोष्टी खोक्यावर वाचा: २३० व्होल्ट, कोन किती अंशांचा, आणि तिसरा बारीक टप्पा आहे का. एकाच टप्प्याची स्वस्त यंत्रं प्रत्येक वेळी जाडच घासतात आणि सुरी झपाट्याने अरुंद होते. लोहचुंबकाने धरलेली सुरी आणि तिच्या कडेने फिरवायचा हिऱ्याचा रोलर असंही एक साधन आता मिळतं, १५ आणि २० अंशांचं. सरळ सुरीला ते छान चालतं, पण आदोळीला त्याचाही उपयोग नाही.

दगड वापरून मधोमध खोलगट होतो. सपाट काचेवर २२० चा पाण्यात चालणारा पॉलिश पेपर चिकटवून त्यावर दगड फिरवायचा, पेन्सिलीने मारलेल्या रेघा पूर्ण पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. हे आणि सगळ्या हत्यारांचं जाड काम मी १ जून ते ३१ जुलै या दिवसांत काढते. यांत्रिक मासेमारी बंद असते, बाजारात मासळी कमी, खाणावळीला थोडी उसंत. त्या हवेत दगड वाळत नाही आणि बुरसतो, तेव्हा तो डब्यात न कोंबता पंख्याखाली उभा ठेवायचा, चुलीजवळ नाही. तापवून वाळवला तर तडकतो. नवीन घेणाऱ्यांनीही याच दिवसांत घ्यावा, म्हणजे चवथीला सुरण आणि नीरफणस चिरायच्या आधी हात बसतो.